बाखच्या सुरांखाली रोमन आकडे: मजकुरातून स्वरलिपी लिहिताना

हार्मनी, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली स्वरसंगती, शिकणाऱ्याची वही उघडली की एक दृश्य हमखास दिसतं. वर पाच रेषांवर छापलेले स्वर आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले रोमन आकडे: एक, चार, पाच, पुन्हा एक. कुठे आकड्याच्या खांद्यावर बारीक सहा, कुठे सहाखाली चार. हे आकडे म्हणजे त्या संगीताचा अन्वय. शाळेत संस्कृत श्लोकातला कर्ता कोण, कर्म कुठलं, क्रियापद कुठे लपलंय हे शोधायचो, तसंच इथे प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, काय काम करते आहे ते ओळखायचं आणि खाली नोंदवायचं.

पेन्सिलीने हे काम पटकन होतं. तेच छापील करायला बसलं की अख्खी संध्याकाळ जाते. मी पुण्यात पियानो आणि थिअरी शिकवते. बरीच वर्षं मी एका प्रोग्रॅममध्ये स्वर लिहायचे, त्याचं चित्र दुसऱ्या कागदावर चिकटवायचे आणि खाली आकड्यांच्या छोट्या चौकटी माऊसने सरकवून बसवायचे. एखादा स्वर दुरुस्त केला, ओळ जराशी रुंद झाली, की खालचे सगळे आकडे आपापल्या घरातून निसटलेले. एकदा सरावाच्या कागदावर पाचचा आकडा एक बार (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला भाग) आधी छापला गेला, आणि एका मुलीने छापील आहे म्हणजे बरोबरच असणार असं मानून तो तसाच पाठ केला. ते मला फार लागलं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी आकडे कागदावरच्या जागेला बांधत होते. कॉर्ड मात्र काळात राहते. तिसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर, म्हणजे मात्रेवर, ती येते आणि बार संपेपर्यंत टिकते. तिचा आकडाही त्या बीटलाच बांधायला हवा, मग कागद कितीही रुंद होवो वा अरुंद.

मजकुरातून स्वरलिपी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच करता येतं. त्यातलं मी रोज वापरते ते लिलीपॉन्ड. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये त्यावर काम सुरू केलं. ते पूर्ण मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. यात माऊसने स्वर ओढून बसवणं नाही. एका साध्या फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे टाइप करायचे. प्रोग्रॅम ती फाइल वाचतो आणि छापायला तयार पीडीएफ हातात देतो. जुन्या काळी तांब्याच्या आणि शिशाच्या पत्र्यांवर हाताने कोरलेल्या स्वरलिपीचं देखणेपण संगणकाच्या छपाईत हरवलं होतं, ते परत आणायचं हा त्या दोघांचा ध्यास होता. पान उघडलं की तो दिसतो.

अक्षरांनी संगीत लिहायचं म्हटल्यावर आपल्याकडे कुणी दचकायचं कारण नाही. भातखंड्यांची लिपी ज्यांनी शिकली आहे ते हेच करत आले आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. आणि स्वरांच्या ओळीखाली तालाची वेगळी ओळ: समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य, टाळ्यांना २ आणि ३. ही खालची ओळ नीट बघा. तिच्यात एकही स्वर नाही. वरच्या स्वरांच्या बरोबरीने, मात्रा मोजत चालणारी ती निव्वळ माहितीची ओळ आहे. रोमन आकड्यांची ओळ म्हणजे हेच, फक्त तालाऐवजी हार्मनीची माहिती सांगणारी.

आकडे काय सांगतात

उदाहरणासाठी जर्मन संगीतकार बाखचा सी मेजरमधला तो प्रसिद्ध प्रिल्यूड, म्हणजे छोटी प्रास्ताविक रचना, घेऊ, १७२२ च्या संग्रहातला पहिलाच. पियानो शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्यापाशी येतो. एकूण ३५ बार आणि शेवटचे तीन सोडले तर प्रत्येक बारमध्ये एकच कॉर्ड, खालून वर सुटी सुटी वाजवलेली. अन्वय शिकायला इतकं स्वच्छ वाक्य दुसरं मिळणार नाही.

सी म्हणजे सा असं धरू. पहिल्या बारमध्ये सा, ग, प आहेत. साच्या पायावर उभी असलेली कॉर्ड, म्हणून रोमन एक. कॉर्डचा स्वभाव मेजर (पायापासून शुद्ध गंधाराचा) असेल तर आकडा मोठ्या अक्षरांत, मायनर (कोमल गंधाराचा) असेल तर लहान अक्षरांत, ही पद्धत जर्मन लेखक गॉटफ्रीट वेबर यांनी १८१७ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून रूढ झाली. तेव्हा हा मोठा एक. दुसऱ्या बारमध्ये सा, रे, ध आणि वरचा म. हे स्वर तिसऱ्या-तिसऱ्याच्या अंतराने रचून बघितले की रे, म, ध, सा अशी उतरंड लागते. पाया रे, स्वभाव मायनर: लहान दोन. मात्र तळाशी रे नाही, सा आहे. म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात वरचं मडकं खाली आलंय. हे कळवायला आकड्याच्या खांद्यावर बारीक ४ आणि त्याखाली २ लिहितात. तळाच्या सापासून रे दुसरा, म चौथा आणि ध सहावा. त्यातला सहा समजून घ्यायचा असतो, म्हणून लिहीत नाहीत. तिसऱ्या बारमध्ये तळाशी नि, वर रे, प, म. पाया प, म्हणून मोठा पाच. निपासून मोजलं तर म पाचवा आणि प सहावा, म्हणून खांद्यावर ६ आणि खाली ५. चौथ्या बारला परत घरी, मोठा एक.

खांद्यावरच्या या बारीक आकड्यांची वहिवाट रोमन आकड्यांपेक्षा बरीच जुनी. १६०० च्या सुमारास इटलीत ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्यांना फक्त तळाचा स्वर आणि त्याच्याशी जोडलेले आकडे दिले जात. वरची भर ते स्वतः घालत. कॉर्डचा खरा पाया तळाच्या स्वराहून वेगळा असू शकतो, हा विचार फ्रान्समध्ये रामो या संगीतकाराने ग्रंथातून मांडला तो १७२२ मध्येच, बाखने आपल्या संग्रहावर घातलेलं वर्षही तेच. एकाने मांडणी केली, दुसऱ्याने त्याच वर्षी तिचं सर्वांत सुंदर उदाहरण नक्कल करून ठेवलं, आणि दोघे एकमेकांपासून दूर आपापल्या टेबलाशी बसलेले. मला ते चित्र फार आवडतं.

आकड्यांची ओळ लिहायची कशी

लिलीपॉन्डच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे मी त्या उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. प्रत्येक आज्ञेआधी उलटी तिरकी रेघ येते आणि तिचा मजकूर महिरपी कंसात. स्वर म्हणजे सी, डी, ई ही लहान अक्षरं. त्यांच्यामागे काळ: पूर्ण नोटला १, अर्ध्याला २, पावला ४, सोळाव्या हिश्श्याला १६. शार्पसाठी (अर्धा स्वर वर) अक्षरामागे 'इस', फ्लॅटसाठी (अर्धा स्वर खाली) 'एस', ही डच सवय. एफ शार्प म्हणजे 'फिस'. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: स्केल जी मेजर अशी सांगितली तरी नुसतं एफ लिहिलं तर लिलीपॉन्ड नॅचरल, म्हणजे साधा एफच, छापेल. सुरुवातीची शार्पची खूण ही फक्त छपाईची सोय. स्वर कोणता हे तुम्हीच सांगायचं.

आता आकडे. लिलीपॉन्डमध्ये 'हार्मनीचे रोमन आकडे' अशी वेगळी ओळ तयार मिळत नाही, पण गाण्याचे शब्द लिहायची ओळ आहे. तिचं नाव लिरिक्स. रोमन आकडा हासुद्धा स्वराखाली यायचा एक शब्दच आहे, हे मानलं की काम सुरू होतं.

शब्दांची ओळ दोन तऱ्हांनी लिहिता येते आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. पहिल्या तऱ्हेत, 'लिरिक्सटू' आज्ञेने, शब्द एखाद्या सुरावटीला जोडून दिले जातात. मग प्रत्येक स्वराखाली एक शब्द असं ते आपोआप पडत जातात. गाण्यासाठी हे उत्तम. अन्वयासाठी घातक. बाखच्या पहिल्या बारमध्ये सोळा स्वर ओळीने येतात आणि कॉर्ड एकच आहे. लिरिक्सटू वापरलं तर पहिले चारही आकडे पहिल्याच बारच्या सुरुवातीला एकामागोमाग गर्दी करतील.

दुसऱ्या तऱ्हेत शब्द कुणालाच जोडायचे नाहीत. 'लिरिकमोड' असं लिहायचं आणि प्रत्येक शब्दाला त्याचा स्वतःचा काळ द्यायचा, जसा स्वराला देतो. मोठा एक, काळ १. लहान दोन, काळ १. मोठा पाच, काळ १. चार शब्द, चार बार, विषय संपला. वर सोळा स्वर वाजोत की साठ, आकडा बारच्या पहिल्या बीटखालीच उभा राहणार.

एवढीशी गोष्ट, पण तिने माझी शिकवण्याची पद्धत बदलली. आकड्याला काळ द्यायचा म्हटलं की 'ही कॉर्ड कोणती' याच्याबरोबर 'ही कॉर्ड कुठून कुठपर्यंत' याचंही उत्तर द्यावं लागतं. पेन्सिलीने लिहिताना हा दुसरा प्रश्न टाळता येतो. आकडा साधारण मध्ये कुठेतरी लिहिला की भागतं. इथे टाळता येत नाही. हार्मनीला स्वतःची लय असते, सुरावटीच्या लयीहून बहुतेक वेळा संथ, आणि ती लय आकड्यांच्या काळात उघडी लिहिलेली असते. या प्रिल्यूडमध्ये ती बारला एक अशी ठाम आहे. चार आवाजांची कोरालं (चर्चमधली सामूहिक स्तोत्रं) घेतली तर जवळपास प्रत्येक बीटला कॉर्ड बदलते, आणि ओळीत सगळीकडे काळ ४ दिसू लागतो. फाइल नुसती वाचूनही हा फरक कळतो.

आता काही खाचखळगे. लिरिकमोडमध्ये अक्षराला चिकटून आलेला आकडा हा काळ मानला जातो. पाच या रोमन अक्षराला चिकटून ७ लिहिलं, तर प्रोग्रॅम सातव्या हिश्श्याची नोट शोधतो, ती मिळत नाही आणि ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवतो. हे परवडलं, कारण चूक कळते तरी. पण ४/२ च्या जागी काही जण नुसतं २ लिहितात. ते पाचला चिकटवलं तर प्रोग्रॅम अर्धी नोट समजून मुकाट्याने पुढे जातो. छापताना २ गायब, आणि त्यानंतरचे सगळे आकडे अर्धा बार आधी. उपाय सोपा: आकडा असलेलं चिन्ह दुहेरी अवतरणचिन्हांत घाला आणि काळ त्याबाहेर लिहा.

दुसरा उपाय सगळ्यांनी लावून घ्यावी अशी सवय आहे. प्रत्येक बार संपला की फाइलमध्ये उभी रेघ टाका. ती छापली जात नाही. तिचा अर्थ 'इथे बार पूर्ण झालाय ना, बघ' एवढाच. हिशोब जुळला नाही तर लिलीपॉन्ड लगेच सांगतं. स्वरांच्या ओळीत बरेच जण ही रेघ टाकतात, आकड्यांच्या ओळीत विसरतात. खरी गरज तिथेच जास्त असते, कारण तिथली चूक कानाला ऐकू येत नाही.

आकडे स्वरांनाच थेट चिकटवता येत नाहीत का? येतात. स्वरामागे अधोरेखा टाकून लगेच मजकूर लिहिला की तो त्या स्वराखाली छापला जातो. दोन-तीन खुणांपुरतं हे ठीक. पण अशा खुणा एका रेषेत राहत नाहीत. वरचा स्वर खाली उतरला की त्याखालची खूणही खाली ढकलली जाते आणि ओळ दातेरी दिसते. लिरिक्सची ओळ मात्र एका तळरेषेवर राहते. पियानोचे दोन स्टाफ (पाच रेषांचे संच) असतील तर फाइलमध्ये आकड्यांची ओळ खालच्या स्टाफनंतर लिहा. ज्या क्रमाने फाइलमध्ये, त्याच क्रमाने पानावर.

खांद्यावरचे बारीक आकडे

एकावर एक बसणारे ६ आणि ५ साध्या शब्दात मावत नाहीत. त्यासाठी 'मार्कअप' नावाची सोय आहे. त्यात 'कॉनकॅट' म्हटलं की तुकडे मध्ये फट न ठेवता जोडले जातात, 'सुपर' म्हटलं की पुढचा आकडा बारीक होऊन वर जातो, 'कॉलम' म्हटलं की आकडे एकाखाली एक लागतात. मोठा पाच, त्याला जोडून बारीक केलेला सहा-पाचचा कॉलम, तो थोडा वर उचललेला: झालं चिन्ह. कॉलममधलं उभं अंतर मूळ मापाने फार सैल दिसतं. 'बेसलाइन-स्किप' कमी करून ते आवळावं लागतं. डोळ्याला बरं दिसेपर्यंत दोन-तीन वेळा करून बघा, त्याला पर्याय नाही.

हे प्रत्येक वेळी लिहायचं नाही. एकदा लिहून त्याला नाव द्यायचं, आणि पुढे ते नावच वापरायचं. नावात फक्त अक्षरं ठेवा, आकडे नकोत. मी 'पाच-सहा-पाच' याचे इंग्रजी शब्द जोडून नावं ठेवली आहेत. अशी वीस-पंचवीस चिन्हं एका वेगळ्या फाइलमध्ये जमली की दर नव्या रचनेच्या सुरुवातीला 'इन्क्लूड' आज्ञेने ती बोलावून घ्यायची. मसाल्याचा डबा एकदा भरून ठेवल्यासारखं आहे हे. डिमिनिश कॉर्डचं वर्तुळ आणि हाफ-डिमिनिश कॉर्डचं छेद दिलेलं वर्तुळ यांसाठी खास आज्ञा लागत नाही, युनिकोडमधलं चिन्ह थेट टाकलं तरी चालतं; फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली असू द्या. याच कारणाने देवनागरीही चालते. नवख्या मुलांसाठी मी कधी कधी रोमन आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ घालते, आणि तिथे 'घर', 'ओढ', 'घर' असे शब्द छापते.

अजून एक बारकावा. लिरिक्समध्ये शब्द स्वराच्या मध्यावर बसतो, गाण्यासाठी ते योग्यच. पण पाचच्या खांद्यावर आकडे आले की अख्ख्या चिन्हाची रुंदी वाढते, मध्य उजवीकडे सरकतो आणि मुख्य आकडा स्वराच्या डावीकडे ढकलला जातो. 'लिरिकटेक्स्ट'चं, म्हणजे या छापील शब्दांचं, आडवं संरेखन डावीकडे करून टाका; मग प्रत्येक रोमन आकड्याची डावी कड स्वराखाली सरळ लागते. आणि हेही लक्षात असू द्या की शब्द स्वतःसाठी जागा मागतात. अरुंद बारमध्ये लांबलचक चिन्ह आलं तर वरचे स्वर एकमेकांपासून लांब जातात.

एकाच वाक्याचे दोन अन्वय

आता प्रिल्यूडचा पाचवा ते अकरावा बार. इथे मला थांबायचं आहे, कारण पेन्सिलीपेक्षा ही पद्धत कशी जास्त बोलते ते इथे दिसतं.

पाचव्या बारमध्ये सा, ग, ध: लहान सहा, खांद्यावर ६. सहाव्यात सा, रे, तीव्र म, ध. तीव्र मध्यम आला की कान टवकारतात. रे, तीव्र म, ध, सा ही कॉर्ड पंचमाकडे ओढ घेते. क्षणभर पंचमालाच सा मानलं तर रे हा त्याचा पंचम. म्हणून तिला पाचाचा पाच म्हणतात आणि मोठा पाच, तिरकी रेघ, मोठा पाच असं लिहितात. तळाशी सा असल्यामुळे पहिल्या पाचच्या खांद्यावर ४ आणि २. सातव्यात नि, रे, प: मोठा पाच, ६. आठव्यात नि, सा, ग, प: मोठा एक, ४/२. नवव्यात ध, सा, ग, प: लहान सहा, ७. दहाव्यात पुन्हा पाचाचा पाच, आता सरळ, ७ सह. अकराव्यात प, नि, रे: मोठा पाच.

हे सगळं बरोबर आहे, पण वाचायला खडबडीत. आता याच सात बारांना जी मेजरच्या नजरेने बघा, म्हणजे प ला सा मानून. लहान दोन. मोठा पाच. मोठा एक. मोठा चार. लहान दोन. मोठा पाच. मोठा एक. किती सरळ वाक्य! पाचवा बार दोन्ही घरांत राहतो: सीमध्ये तो लहान सहा, जीमध्ये लहान दोन. अशा कॉर्डला पिव्हट म्हणतात, एका घरातून दुसऱ्या घरात उघडणारं दार.

मग बाखने इथे खरोखर घर बदललं, की उंबऱ्यावर पाय ठेवून परत आला? माझं मत असं की अकराव्या बारपर्यंत कान जीमध्ये नीट स्थिरावतो, आणि तिथे सीचे आकडे लिहीत राहणं म्हणजे ऐकू येतंय ते नाकारणं. दुसरा शिक्षक म्हणेल, बाराव्या बारपासून लगेच पुढे सरकायचंय, कशाला घर बदलता. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, आणि दोन्ही छापता येतात. आकड्यांची दुसरी ओळ लिहा, म्हणजे लिरिक्सची आणखी एक ओळ पहिलीखाली. तिच्यात पहिले चार बार 'स्किप' आज्ञेने रिकामे सोडा आणि पाचव्यापासून जीचे आकडे सुरू करा. ओळीच्या सुरुवातीला स्केलचं नाव हवं, त्यासाठी गाण्याच्या कडव्याचा क्रमांक छापायची 'स्टान्झा' ही सोय वापरा: पहिल्या ओळीला 'सी:', दुसरीला पाचव्या बारपाशी 'जी:'. पिव्हटखाली दोन आकडे एकमेकांखाली उभे राहतात आणि दार कुठे आहे ते मुलांना नुसतं बोट ठेवून दाखवता येतं.

हे सगळं संगणकालाच का करू देत नाही, असं पालक विचारतात. कॉर्डचं नाव तो सांगू शकतो. लिलीपॉन्डमध्ये 'कॉर्डनेम्स' नावाची ओळ आहे. तिला स्वर दिले की स्टाफच्या वर गिटारवाल्यांना लागतात तशी नावं छापते, तळाच्या स्वरासकट. रोमन आकडा मात्र नाव नाही, नातं आहे. सी, ई, जी हे तीन स्वर सीच्या घरात एक, जीच्या घरात चार, एफच्या घरात पाच. आपण कुठल्या घरात आहोत हे मागचं-पुढचं ऐकून माणूस ठरवतो. हा अंदाज बांधणारे प्रोग्रॅम आहेत, पण पाचव्या बारसारख्या जागी अखेर कुणीतरी बाजू घ्यावीच लागते, आणि विद्यार्थ्याने ती स्वतः घ्यावी अशी माझी इच्छा असते.

रोमन आकडे नातं सांगतात याचा एक गोड फायदा होतो. हाच प्रिल्यूड डी मेजरमध्ये हवा असेल तर 'ट्रान्सपोज' आज्ञा एका ओळीत सगळे स्वर चढवते. कॉर्डची नावं ट्रान्सपोजच्या आत असतील तर तीही बदलतात. रोमन आकडे जसेच्या तसे राहतात, आणि तेच बरोबर असतं. सरगमसारखंच: सा काळी एकला धरा की पांढरी चारला, प हा पच. हाताने बदलावं लागतं ते फक्त ओळीच्या सुरुवातीचं स्केलचं नाव.

तळाच्या स्वराशी जोडलेले नुसते आकडे हवे असतील, रोमन नको, तर त्यासाठी मात्र लिलीपॉन्डमध्ये खास ओळ आहे, 'फिगर्डबेस'. 'फिगरमोड'मध्ये कोनी कंसात आकडे लिहायचे, ४ २ किंवा ६ ५, कंसाबाहेर काळ. ते एकाखाली एक आपोआप बसतात. शार्पसाठी आकड्यामागे अधिकची खूण, फ्लॅटसाठी उणे. सहाव्या बारमध्ये ४ ला अधिक लावावं लागतं, कारण तळाच्या सापासून तो मध्यम तीव्र आहे. एकाखाली एक अशा दोन ओळी ठेवल्या, वर तळाचे आकडे आणि खाली रोमन, तर वरची ओळ 'काय वाजतंय' ते सांगते आणि खालची 'त्याचा अर्थ काय'.

वाक्याच्या वर-खाली आडवे कंस काढून 'इथून इथपर्यंत एक वाक्य' असं दाखवायचं असेल तर त्याचं यंत्र मुळात बंद असतं. मांडणीच्या भागात 'हॉरिझॉन्टल ब्रॅकेट एनग्रेव्हर' जोडून द्या, मग स्वरांमागे 'स्टार्टग्रुप' आणि 'स्टॉपग्रुप' लिहा. कंसात कंसही बसतो.

एक जास्तीचा बार

जुन्या काही आवृत्त्यांत हा प्रिल्यूड ३५ नव्हे, ३६ बारांचा असतो. बावीस आणि तेविसाव्या बारांमध्ये एक बार श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. तो बाखचा नाही. फ्रेंच संगीतकार गूनोने याच प्रिल्यूडवर आपली आव्हे मारिया या प्रार्थनागीताची सुरावट बांधली ती तो बार धरूनच, त्यामुळे चर्चमध्ये ती गाणाऱ्यांच्या आणि तिला साथ करणाऱ्यांच्या कानात तो पक्का बसलेला असतो. गायिकेला साथ करण्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याला ३६ बारांची प्रत हवी असते, परीक्षेसाठी ३५ ची. पूर्वीच्या माझ्या पद्धतीत याचा अर्थ पुढचे तेरा आकडे पुन्हा हाताने सरकवणं. आता स्वरांच्या ओळीत एक बार वाढवायचा, आकड्यांच्या ओळीत एक चिन्ह वाढवायचं, काळ १. पुढचे तेरा आपणहून एकेक घर पुढे जातात.

सुरुवात करायची असेल तर नुसत्या लिलीपॉन्डबरोबर 'फ्रेस्कोबाल्डी' हा संपादक घ्या. तोही मोफत आहे, सतराव्या शतकातल्या इटालियन ऑर्गनवादकाचं नाव घेतलेला. डावीकडे तुमचा मजकूर, उजवीकडे छापलेलं पान. पानावरच्या स्वरावर किंवा आकड्यावर क्लिक केलं की मजकुरात त्याच जागी कर्सर जातो. पहिल्या दिवशी फक्त चार बार लिहा आणि त्यांखाली चार आकडे. खांद्यावरचे बारीक आकडे दुसऱ्या दिवशी.

मी सध्या या एका फाइलमधून दोन कागद काढते. एक उत्तरांचा, आकड्यांसकट. दुसऱ्यात आकड्यांची ओळ तशीच असते, पण 'लिरिकटेक्स्ट' पारदर्शक केलेलं असतं: जागा राहते, शाई उमटत नाही. स्वर दोन्ही कागदांवर तंतोतंत त्याच ठिकाणी. मुलं रिकाम्या जागेत पेन्सिलीने आपला अन्वय लिहितात आणि मग उत्तरांचा कागद मागे धरून खिडकीच्या उजेडात जुळवून बघतात. चोविसाव्या बारपासून तळाशी आठ बार प धरून ठेवलेला आहे आणि वर कॉर्ड बदलत राहतात. तिथे जवळपास प्रत्येकाची पेन्सिल थबकते. अठ्ठाविसाव्या बारवर काय लिहायचं यावर गेल्या आठवड्यात दोघांचा वाद झाला. मी दोघांचेही आकडे फाइलमध्ये दोन ओळींत घातले आणि छापून दिले. पुढच्या तासाला दोघं तो बार पियानोवर वाजवून दाखवणार आहेत.